ब्रायन क्रॅन्स्टनचं करिअर नीट कसं बघायचं: काय आधी, काय नंतर, आणि लक्ष कुठे ठेवायचं

ब्रेकिंग बॅड ही अमेरिकन सीरीज बघून झालीय आणि आता तिचा नायक झालेल्या ब्रायन क्रॅन्स्टनने अजून काय काय केलंय ते शोधताय, तर हे तुमच्यासाठीच लिहिलंय. आणि अजून बघितलंच नसेल तर फारच छान, कारण मग तुम्हाला पहिल्यापासून क्रमाने जाता येईल. बहुतेक लोक आधी वॉल्टर व्हाइट, म्हणजे त्यातला ड्रग्ज बनवायला लागलेला केमिस्ट्रीचा मास्तर, बघतात आणि मग क्रॅन्स्टनची बाकी सगळी कामं त्याच्याशी ताडून बघतात, त्यामुळे होतं काय की जुनी कामं नुसती गंमत म्हणून बघितली जातात, "अरे हा तर तोच" एवढं बोलून पुढे. माझं ठाम मत आहे की टीव्ही ड्रामातला हा एवढा मोठा नट घडला तो सिटकॉममध्ये, जाहिरातींमध्ये आणि एकेका एपिसोडच्या छोट्या रोलमध्ये, आणि ते आधी बघितलं की वॉल्टर व्हाइटमध्ये काय काय चाललंय ते कितीतरी जास्त दिसायला लागतं.

सुरू करण्याआधी अमेरिकन टीव्हीतले चार-पाच शब्द माहीत करून घ्या, नाहीतर त्याच्या कामांची यादी उघडलीत तर नुसती गर्दी वाटेल. एखाद्या एपिसोडमध्ये दोन-चार वाक्यं असलेला नट म्हणजे को-स्टार. ज्याच्यावर त्या एपिसोडची गोष्ट बऱ्यापैकी उभी असते तो गेस्ट स्टार. अधूनमधून परत येणारं पात्र म्हणजे रिकरिंग. आणि ज्याचं नाव दर आठवड्याला टायटलमध्ये येतं तो सीरीज रेग्युलर. नवीन सीरीजचा आधी एक नमुना एपिसोड बनवतात, त्याला पायलट म्हणतात, आणि रेग्युलर नटाकडून पायलटच्या आधीच पुढच्या कित्येक वर्षांच्या करारावर सही घेतलेली असते, म्हणजे सीरीज चालली तर तो बांधला गेला आणि नाही चालली तर दुसऱ्या दिवसापासून परत ऑडिशनच्या रांगेत. आता यादी बघा, को-स्टारपासून रेग्युलरपर्यंतचा जिना चढायला या माणसाला किती वर्षं लागली ते लगेच कळेल.

पार्श्वभूमी थोडक्यात. जन्म ७ मार्च १९५६, लॉस एंजेलिसमधला, लहानपण कनोगा पार्क भागात. वडील स्वतः नट होते, कामं मिळत नव्हती, आणि ब्रायन लहान असतानाच घर सोडून गेले. मुलाला पोलिसात जायचं होतं, कॉलेजात पोलीस सायन्स शिकत होता, अभिनय हा नुसता जास्तीचा विषय म्हणून घेतला होता. मग भावाबरोबर मोटरसायकलवर देशभर भटकला आणि परत येऊन नट व्हायचं नक्की केलं. वडिलांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ब्रेकिंग बॅडला लागणार आहे.

पहिलं नीट काम लव्हिंग नावाची दुपारची मालिका, १९८३ ते ८५. आपल्याकडच्या डेली सोपसारखंच, रोज पानंच्या पानं पाठ करायची आणि दिवसभरात शूट संपवायचं. हे शोधून बघायच्या मागे लागू नका. फक्त एवढं ध्यानात घ्या की अशा मालिकेतून आलेल्या नटाला पाठांतराची आणि वेगाची भीती राहत नाही. ८० आणि ९० च्या दशकातल्या त्याच्या गेस्ट स्टार कामांपैकी जे सहज सापडेल ते एखाद-दुसरं बघा, मर्डर शी रोट, मॅटलॉक, एअरवुल्फ, बेवॉच, अशी भरपूर आहेत. एअरवुल्फच्या सेटवर त्याला रॉबिन डिअर्डन भेटली आणि १९८९ मध्ये त्यांचं लग्न झालं. याच काळात तो ढीगभर जाहिराती करत होता आणि आवाजाची कामंही, पॉवर रेंजर्समधल्या दोन राक्षसांना, ट्विन मॅन आणि स्निझर्डला, त्याचा आवाज आहे. ते एपिसोड मिळाले तर डोळे मिटून ऐका. खर्जात जाऊन धमकावणं या माणसाला कधीपासून येतंय ते कानाला कळेल.

आता इथून खरं बघायचं.

पहिला थांबा साइनफेल्ड, जेरी नावाच्या विनोदवीराभोवती फिरणारं सिटकॉम. त्याचा रोल डेंटिस्ट टिम व्हॉटलीचा, १९९४ ते ९७ दरम्यान मोजक्या एपिसोडमध्ये. सगळी सीरीज बघायला वेळ नसेल तर तीन बघा: द लेबल मेकर, द जिमी आणि द याडा याडा. द जिमीमध्ये जेरी खुर्चीत पडलेला असतो आणि डॉक्टर त्याला गॅसचा मास्क लावायच्या आधी स्वतःच एक झुरका घेतो, ही कल्पना सेटवरच्या एका तंत्रज्ञाने क्रॅन्स्टनच्या कानात सांगितली होती, असं त्याने स्वतःच सांगितलंय. तो क्षण दोनदा बघा. चेहऱ्यावर "मी विनोद करतोय" असं काहीही नाही, डॉक्टर रोजचं काम करावं तसा करतो, आणि हसू त्यामुळेच येतं. पुढे दहा-पंधरा वर्षांनी हाच सरळ चेहरा भयानक खोटं बोलायला वापरलाय. त्याच सुमाराला, १९९८ मध्ये, एचबीओच्या फ्रॉम द अर्थ टू द मून मध्ये तो बझ ऑल्ड्रिन झाला होता, चंद्रमोहिमेची आवड असेल तर बघा, नाहीतर पुढे चला.

दुसरा थांबा चुकवायचा नाही. द एक्स फाइल्स, सहावा सीझन, दुसरा एपिसोड, नाव ड्राइव्ह, प्रसारण १५ नोव्हेंबर १९९८. हा एक एपिसोड बघितल्याशिवाय ब्रेकिंग बॅड सुरू करू नका असं मी प्रत्येकाला सांगते. लेखक व्हिन्स गिलिगन, ज्याने पुढे ब्रेकिंग बॅड निर्माण केलं. गोष्ट अशी की पॅट्रिक क्रंप नावाच्या माणसाच्या कानात दाब वाढत चाललाय, आणि तो पश्चिमेकडे वेगाने प्रवास करत राहिला तरच जिवंत राहणार, थांबला की संपला. सीरीजचा नायक, एफबीआय एजंट मल्डर, गाडी चालवतोय आणि हा मागे बसून त्याच्यावर ओरडतोय, ज्यूंबद्दल घाणेरडं बोलतोय, म्हणजे माणूस म्हणून अजिबात आवडण्यासारखा नाही. गिलिगनची अट हीच होती, असा नट हवा की ज्याच्या पात्राचा राग यावा आणि तरी तो मरताना वाईट वाटावं. या सीझनपासून एक्स फाइल्सचं शूटिंग कॅनडातल्या व्हँकूव्हरहून लॉस एंजेलिसला आलं होतं, त्यामुळे त्या शहरातले ऑडिशनवर जगणारे नट आता हाताशी होते, क्रॅन्स्टन त्यातलाच एक.

बघताना एक करा. गाडीतल्या सीनमध्ये संवाद सोडून द्या आणि फक्त त्याची मान आणि डोळे बघा. शिव्या चालू असताना मान दुखण्याने वाकडी होत जाते आणि डोळ्यांत भीती असते, म्हणजे तोंड एक सांगतंय आणि शरीर दुसरं. ही त्याची खासियत आहे, आणि पुढचं सगळं बघताना हीच शोधायची.

तिसरा थांबा माल्कम इन द मिडल, फॉक्स चॅनेल, जानेवारी २००० ते मे २००६, सात सीझन, १५१ एपिसोड. इथे तो पहिल्यांदा खऱ्या अर्थाने घराघरात पोचला, वय तेव्हा ४३, हे मुद्दाम सांगते कारण तिशी ओलांडली की आपलं काही होणार नाही असं म्हणणारे नट आपल्याकडेही खूप आहेत. त्याचा रोल बापाचा, हॅल. पायलटमध्ये हॅलला फारसं काही कामच नव्हतं, सगळी ताकद आईच्या, म्हणजे लोइसच्या पात्रात होती, आणि जेन काझ्मारेक ते जबरदस्त करते. मग क्रॅन्स्टनने काय केलं, तर लोइस जे जे आहे त्याच्या उलट हॅलला उभा केला, ती कशाला घाबरत नाही तर हा सगळ्यालाच घाबरतो, तिचं सगळ्यावर लक्ष तर हा आपल्याच तंद्रीत. लेखकाने रिकामी ठेवलेली जागा समोरच्या नटीच्या कामातून भरायची, हे अभिनय शिकणाऱ्या कोणीही वहीत लिहून ठेवावं असं आहे.

१५१ एपिसोड बघायची गरज नाही. पहिल्या सीझनमधले थोडे सलग बघा, त्यात रोलरस्केट्स आणि द बॉट्स अँड द बीज नक्की घ्या. पहिल्यात तो मुलाला स्केटिंग शिकवतो आणि स्वतः नाचतो, दुसऱ्यात अंगावर खऱ्या मधमाश्या घेतल्यात. मग एखाद-दुसरा एपिसोड आवाज पूर्ण बंद करून बघा. हॅल घाबरतो तेव्हा आधी काय हलतं, खांदे की हात की गुडघे? खोटं पकडलं जातं तेव्हा श्वास कुठे अडकतो? तुम्हाला दिसेल की तो प्रत्येक भावना आधी अंगात आणतो आणि शब्द मागून येतात. या रोलसाठी त्याला विनोदी सहायक नटाची तीन एमी (अमेरिकन टीव्हीचा सर्वात मोठा पुरस्कार) नामांकनं मिळाली, पुरस्कार एकदाही मिळाला नाही, आणि मला तरी त्याचं वाईट वाटतं. सात एपिसोड त्याने दिग्दर्शितही केले, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागचं कामही इथेच हातात बसलं.

इथे थोडं थांबून योगायोग बघा. माल्कमचा आठवा सीझन आला असता तर ब्रेकिंग बॅडच्या पायलटसाठी तो मोकळाच नसता, हे त्याने स्वतः अनेकदा बोलून दाखवलंय. वर कराराचं सांगितलं ना, ते यासाठी. आणि गिलिगनने त्याचं नाव सुचवलं तेव्हा एएमसी चॅनेलवाले तयार नव्हते, चड्डीवर नाचणारा हॅल हा एवढ्या काळ्या गोष्टीचा नायक कसा होणार? मग गिलिगनने त्यांना ड्राइव्ह दाखवला, आणि ते पटलं. एका आठवड्याचं गेस्ट स्टारचं काम जवळजवळ नऊ वर्षांनी असं उपयोगाला आलं. ऑडिशनबद्दलची त्याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे, तो म्हणतो ऑडिशनला काम मिळवायला जायचं नाही, पात्र नीट करून दाखवायला जायचं, दाखवायचं आणि निघून यायचं, निवडणं त्यांच्या हातात. कोणी ऑडिशन देत असाल तर हे मनापासून करून बघा, डोक्यावरचं ओझं खरंच कमी होतं.

आता ब्रेकिंग बॅड. २० जानेवारी २००८ ते २९ सप्टेंबर २०१३, पाच सीझन, ६२ एपिसोड, शूटिंग न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला. पहिला सीझन सातच एपिसोडचा आहे कारण त्या वेळी हॉलिवूडच्या लेखकांचा संप झाला होता. हे सगळं बघायचं, काही गाळायचं नाही, फक्त एका रात्रीत सीझन संपवू नका. दिवसाला एक किंवा फार तर दोन. सबटायटल इंग्रजी ठेवा, डबिंग अजिबात नको, अर्धा अभिनय आवाजात आहे. (इथून पुढच्या तीन परिच्छेदांत गोष्ट उघड होते, बघितलं नसेल तर ते सोडून पुढे जा.)

पहिल्या एपिसोडमध्ये फक्त दिसण्याकडे लक्ष द्या. गिलिगनबरोबरच्या पहिल्याच भेटीत क्रॅन्स्टनने वॉल्टर कसा दिसावा ते सांगून टाकलं होतं, कपडे भिंतीत मिसळतील अशा फिक्या मातकट रंगाचे, अंगावर थोडी चरबी, केसांचा रंग उडालेला, मिशी असून नसल्यासारखी. आणि चालायची ढब, वाकलेले खांदे, ती त्याने आपल्या वडिलांवरून घेतली, वय वाढलेला आणि आयुष्याने दमवलेला माणूस. पांढऱ्या चड्डीचंही असंच आहे. माल्कममध्ये हॅलची तीच होती म्हणून इथे बदलायचा विचार त्याने केला होता, पण मग तीच ठेवली, कारण हॅल अजून पोरगाच होता म्हणून ती घालायचा आणि वॉल्टरची वाढ कुठेतरी खुंटली आहे, स्वतःकडे लक्षच नाही, म्हणून ती. तुम्ही माल्कम आधी बघितलं असेल तर पायलटमधला वाळवंटातला तो चड्डीवरचा सीन वेगळाच लागतो, पोट धरून हसायचं तिथे घशाशी येतं. नंतर प्रत्येक सीझनचा पहिला एपिसोड लागला की खांदे बघा, किती सरळ झालेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या सीझनचा पहिला एपिसोड आणि शेवटच्या आठ एपिसोडमधला पहिला, हे तिन्ही त्यानेच दिग्दर्शित केलेत.

मग थांबून थांबून बघायचे एपिसोड. दुसऱ्या सीझनमधला फीनिक्स, जिथे वॉल्टरचा साथीदार जेसी याची प्रेयसी जेन झोपेत गुदमरते आणि वॉल्टर बाजूला उभा राहून काही करत नाही. त्या काही सेकंदांत तो आधी मदतीला झेपावतो, मग थांबतो, तोंडावर हात जातो, रडतो, आणि मग चेहरा बंद होतो, कपाट लावावं तसा. हे शूट होताना त्या मुलीच्या जागी एका क्षणी आपल्याला स्वतःच्या मुलीचा चेहरा दिसला असं त्याने सांगितलंय, आणि ते बघताना जाणवतं. तिसऱ्या सीझनमधला फ्लाय, पैसे वाचवायचे म्हणून जवळजवळ सगळा एकाच जागेत घेतलेला, दोन नट आणि एक माशी. काही लोकांना कंटाळवाणा वाटतो, मला अजिबात नाही, रंगमंचावरचं दोन पात्री नाटक बघायची सवय असलेल्या मराठी माणसाला तो आवडायलाच हवा, त्यात जेसी झालेला ॲरन पॉल आणि क्रॅन्स्टन एकमेकांना किती ऐकतात ते बघा. चौथ्या सीझनमधला क्रॉल स्पेस, घराखालच्या अंधारात पैसे सापडत नाहीत आणि ओरडण्याचं रूपांतर हसण्यात होतं. तिथे मला हॅल आठवतो, तेच विनोदी नटाचं शरीर, फक्त आता अंगावर काटा येतो.

आणि ओझिमँडियस, प्रसारण १५ सप्टेंबर २०१३. शेवटी वॉल्टर बायकोला फोन करतो आणि तिला अत्यंत घाण बोलतो, पण पोलीस ऐकतायत हे त्याला माहीत आहे, तिला निर्दोष ठरवायला तो हे बोलतोय, आणि बोलताना ढसाढसा रडतोय. हा सीन तीनदा बघा. एकदा सरळ. एकदा डोळे मिटून, नुसता आवाज, तेव्हा तुम्ही पोलिसांच्या जागी असता आणि समोर एक राक्षस असतो. एकदा आवाज बंद करून, तेव्हा समोर सगळं गमावलेला माणूस दिसतो. दोन्ही एकाच वेळी एकाच माणसाने केलंय. ड्राइव्हमधली गाडी आठवतेय? तोंड एक आणि शरीर दुसरं. तिथे अ‍ॅना गनचं, म्हणजे बायको झालेल्या नटीचं, कामही बघा, तिला हळूहळू कळत जातं तो चेहरा, तिला २०१३ आणि २०१४ ची एमी मिळाली ती उगाच नाही.

पुरस्कारांचं एकदाच सांगून टाकते. ड्रामातल्या प्रमुख नटाची एमी त्याला २००८, २००९, २०१० अशी लागोपाठ आणि मग २०१४ मध्ये, एकूण चार वेळा मिळाली. २०११ मध्ये सीरीज त्या वर्षीच्या मुदतीत बसलीच नव्हती. ज्या माणसाला विनोदासाठी तीनदा रिकाम्या हाताने पाठवलं त्याला पहिल्या सात एपिसोडसाठीच ड्रामाची मिळाली.

ब्रेकिंग बॅडनंतर लगेच सिनेमांकडे धावू नका, सिनेमांत त्याची कामं बरीच आहेत पण आपला विषय टीव्हीचा आहे. एचबीओसाठी केलेला ऑल द वे बघा, २०१६ चा, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सनचा रोल. हे मुळात नाटक, न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याने २०१४ मध्ये केलं आणि टोनी, म्हणजे तिथल्या रंगभूमीचा मोठा पुरस्कार, मिळवला. तिथे तो उंची, चेहरा, दक्षिणी बोली सगळं बदलतो, समोरच्याच्या अंगावर वाकून बोलण्याची जॉन्सनची पद्धत नीट पकडली आहे. दुसरा टोनी २०१९ मध्ये नेटवर्क नाटकासाठी. तेच नाटक चालू असताना त्याने एल कॅमिनो या ब्रेकिंग बॅडच्या पुढच्या गोष्टीच्या सिनेमातला वॉल्टरचा छोटा सीन गुपचूप करून दिला, डोक्यावरचे केस नाटकासाठी हवे होते म्हणून टक्कल नकली लावलं. ब्रेकिंग बॅडमधल्या वकिलावर बेतलेल्या बेटर कॉल सॉल या सीरीजच्या शेवटच्या सीझनमध्येही, २०२२ ला, तो दोन एपिसोडमध्ये येतो, पण ते ती सीरीज पूर्ण बघून मगच.

मग युअर ऑनर, शोटाइम, २०२० ते २०२३, दोन सीझन. न्यू ऑर्लिन्समधला जज, त्याच्या मुलाकडून अपघातात एक पोरगा मरतो आणि तो पोरगा निघतो गुंडाच्या घरातला, बाप मुलाला वाचवायला कायदा मोडत जातो. मूळ इस्रायली सीरीज. आपल्याकडे तीच गोष्ट लुधियानात नेऊन २०२० मध्येच सोनी लिव्हवर हिंदीत झाली, जिमी शेरगिलला घेऊन. दोन्हीचे पहिले एपिसोड लागोपाठ बघा, एकच प्रसंग दोन नट कसे वेगळे घेतात ते शिकण्यासारखं आहे. क्रॅन्स्टनचा पहिला एपिसोड फार चांगला आहे, घाबरलेला बाप आणि पुरावे पुसणारा जज एकाच चेहऱ्यावर. दुसरा सीझन मला कमी वाटला, गोष्ट ताणली आहे, वेळ नसेल तर सोडा.

शेवटी द स्टुडिओ, २०२५, ॲपल टीव्ही. परत विनोद. मोठ्या स्टुडिओचा सीईओ ग्रिफिन मिल, आणि लास वेगासमधल्या शेवटच्या दोन एपिसोडमध्ये नशेत हातपाय ताब्यात नसलेला. विनोदातली एमी त्याला कधीच मिळाली नव्हती, ती याच कामासाठी मिळाली, विनोदी सीरीजमधल्या पाहुण्या नटाची, वयाच्या ६९ व्या वर्षी. ते दोन एपिसोड बघताना माल्कमच्या वेळी केलं तेच करा, आवाज बंद, नजर गुडघ्यांवर आणि खांद्यांवर.

त्याचं आत्मचरित्र २०१६ चं आहे, अ लाइफ इन पार्ट्स, ते हे सगळं बघून झाल्यावरच घ्या, कारण त्यात तो ब्रेकिंग बॅडमधल्या मोठ्या सीनबद्दल उघड बोलतो. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर ऑडिओबुक ऐका, स्वतः त्यानेच वाचलंय.